गोदावरीचा गाळ आणि जहाजावरचे दिवस

दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले, यावरून गोदावरीच्या पुराचा अंदाज बांधण्याची रीत नाशकात जुनी आहे. पाणी गुडघ्याला आले, कमरेला आले, छातीपर्यंत चढले, ही भाषा शाळकरी मुलांच्याही तोंडी असते. त्या पाण्याच्या गढूळ रंगाकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. तो रंग म्हणजे ब्रह्मगिरीपासून खाली धुऊन आलेली सह्याद्रीची माती. त्र्यंबकेश्वराहून अरबी समुद्र अवघा 80 किलोमीटरच्या आसपास. पण गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे 1465 किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. तिने वाहून नेलेल्या गाळातला काही भाग किनाऱ्यापुढे, खोल समुद्राच्या तळाशी, थरांवर थर होऊन बसतो. समुद्राचे दर्शन दुर्लभ असलेल्या शहरातील मुलांना समुद्रविज्ञानाशी जोडणारा याहून सरळ धागा सापडणे कठीण.

हा गाळ वर काढण्याचे काम संशोधन जहाजे करतात. 2006 साली एप्रिल ते ऑगस्ट असे सुमारे 113 दिवस ‘जॉईडेस रेझोल्यूशन’ हे खोदकाम करणारे जहाज भारताच्या समुद्रात होते. राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाची ती पहिली मोहीम. गॅस हायड्रेट म्हणजे बर्फासारख्या स्फटिकात कोंडलेला मिथेन वायू. काडी लावली की हा ‘बर्फ’ पेटतो. कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रात त्याचे जाड थर आढळले आणि मोहिमेचे नाव झाले. मात्र त्याच मोहिमेत गोदावरीच्या मुखासमोर, सुमारे 1270 मीटर खोल पाण्याखालून काढलेला गाळाचा एक स्तंभ पुढे वेगळ्याच कारणाने महत्त्वाचा ठरला. त्याच्या वरच्या सुमारे साडेआठ मीटरांत गेल्या 11 हजार वर्षांचा इतिहास साठलेला होता.

त्या इतिहासाकडे वळण्यापूर्वी जहाजावरच्या माणसांकडे पाहिले पाहिजे, कारण मुलांचे कुतूहल तेथूनच सुरू होते. जहाजाने काय शोधले, हा प्रश्न लहान मुलाच्या मनात फार उशिरा येतो. त्याआधी त्याला विचारायचे असते की, जहाजावर झोप लागते का, मळमळत नाही का, आंघोळीला गोडे पाणी कुठून येते आणि भाजी संपली की काय खातात. मोठ्यांना हे प्रश्न किरकोळ वाटतात. वास्तविक त्यांच्या उत्तरांतच संशोधनाची रीत दडलेली असते.

जॉईडेस रेझोल्यूशनची लांबी 143 मीटर, मधोमध उंच मनोरा आणि त्याच्याखाली जहाजाच्या पोटातच समुद्रात उघडणारे भोक. मूळचे हे 1978 साली तेलविहिरी खोदण्यासाठी बांधलेले जहाज. 1985 पासून ते विज्ञानाच्या कामाला लागले. खोल समुद्रात नांगर टाकता येत नाही. म्हणून बुडाशी बसवलेले 12 पंखे संगणकाच्या आज्ञेने सतत फिरत राहतात आणि वारा-लाटांना न जुमानता जहाज एका जागी धरून ठेवतात. खोदकाम थांबवणे परवडत नसल्याने शास्त्रज्ञांच्या बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या असतात. एकाची न्याहारी ती दुसऱ्याची रात्रीची जेवणवेळ. त्यामुळे भटारखाना जवळपास अखंड चालू. पिण्याचे पाणी समुद्राच्याच पाण्यातून मीठ काढून तयार होते. ताजी पालेभाजी पहिल्या काही आठवड्यांत संपते आणि मग शीतगृहातल्या जिनसांवर भागवावे लागते. ठरावीक दिवशी भोंगा वाजतो आणि सर्वांना तरंगती जाकिटे घालून जीवरक्षक नौकांपाशी उभे राहावे लागते. या कवायतीतून शास्त्रज्ञांनाही सूट नसते, हे ऐकून मुलांना विशेष समाधान वाटावे.

गाळाची नळी वर आली की डेकवर तशी आरोळी दिली जाते आणि मंडळी हातातले काम टाकून धावतात. सुमारे साडेनऊ मीटरांची ती नळी दीड-दीड मीटरांचे तुकडे करून कापतात, मग प्रत्येक तुकडा लांबीत उभा चिरतात. एक अर्धा अभ्यासासाठी, दुसरा जपून ठेवण्यासाठी. अर्धा भाग मुद्दाम न वापरता ठेवायचा, कारण उद्या कुणाला आजच्यापेक्षा चांगला प्रश्न सुचेल! विज्ञानाची ही सवय पाठ्यपुस्तकातून शिकवणे अवघड जाते. कापलेली नळी दाखवली की ती सहज कळते.

जहाजावरचे हे जीवन वर्गात नेण्याच्या प्रयत्नांना एक इतिहास आहे. 1985 साली रॉबर्ट बॅलार्ड यांच्या तुकडीने ‘टायटॅनिक’चे अवशेष शोधले, तेव्हा त्यांच्याकडे मुलांच्या पत्रांचा पाऊस पडला. पुढच्या वेळी आम्हालाही न्या, असा अनेकांचा आग्रह होता. त्यातून उभा राहिलेल्या ‘जेसन’ प्रकल्पाने 1989 साली भूमध्य समुद्रातील मोहीम उपग्रहामार्फत मुलांपर्यंत थेट पोहोचवली. अमेरिकेच्या सागर व वातावरण संस्थेने 1990 पासून शिक्षकांनाच संशोधन जहाजांवर पाठवण्यास सुरुवात केली. जॉईडेस रेझोल्यूशनवर तर मोहिमांत शिक्षणाचे काम पाहणारी व्यक्ती असे. ती कॅमेरा घेऊन प्रयोगशाळा, डेक आणि भटारखाना हिंडे व दूरच्या शाळांतील मुलांशी दृक्‌श्राव्य संवाद साधे.

मुलांच्या सर्वाधिक आवडीचा प्रयोग मात्र अगदी स्वस्त आहे. थर्माकोलच्या पेल्यांवर मुलांनी चित्रे काढायची, नावे लिहायची. जहाजावर ते जाळीच्या पिशवीत घालून पाण्याचे तापमान व क्षारता मोजणाऱ्या यंत्रासोबत खोल सोडायचे. दर 10 मीटरला पाण्याचा दाब हवेच्या एका दाबाइतका वाढतो. 3000 मीटरांवर तो पृष्ठभागाच्या सुमारे 300 पट होतो आणि थर्माकोलमधली हवा दाबून टाकतो. पेला वर येतो तो बाहुलीच्या भातुकलीत शोभेल एवढा होऊन. अक्षरेही त्याच प्रमाणात चिमुकली झालेली. पिशवी घट्ट बांधणे मात्र आवश्यक, नाहीतर समुद्राला आणखी कचऱ्याची भेट व्हायची.

मराठी वाचकाला या विषयासाठी परदेशातच पाहावे लागते असे नाही. गोव्यात दोना पावला येथे 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. गाळ वाहणाऱ्या बार्जचे रूपांतर करून तयार केलेले ‘गवेषणी’ हे तिचे जहाज 1976 पासून जवळजवळ दोन दशके राबले. 26 जानेवारी 1981 रोजी समुद्रतळावरचे बहुधातू गोटे त्याच जहाजावर प्रथम वर आले. 1983 साली जर्मनीत बांधलेली ‘सागरकन्या’ सुमारे 100 मीटर लांबीची. 2014 साली सेवेत आलेली ‘सिंधु साधना’ भारतातच बांधलेली. नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत याच संस्थेतल्या. 1983-84 च्या मोहिमेत अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. त्यांना समुद्राची ओढ लागली ती ॲलिस्टर हार्डी यांच्या ‘द ओपन सी’ या पुस्तकाने. समुद्राकाठी न जन्मलेल्या व्यक्तीलाही समुद्र असा गाठू शकतो.

अडचण भाषेची आहे. जहाजावरून होणारे बहुतेक संवाद इंग्रजीत होतात आणि मराठी शाळेतील तिसरी-चौथीचा विद्यार्थी तेथेच अडखळतो. ‘अवसाद’ म्हटले की तो गप्प होतो; ‘गाळ’ म्हटले की त्याला विहीर आठवते, धरण आठवते, पुरानंतरचा गोदाघाट आठवतो. नांगर, शीड, सुकाणू, तांडेल, खलाशी, भरती, ओहोटी हे शब्द कोकणाने मराठीला केव्हाच दिलेले आहेत. त्यांच्यावर पारिभाषिक शब्दांचे ओझे चढवण्याची घाई का व्हावी, हे कळत नाही.

आता पुन्हा त्या गाळाच्या स्तंभाकडे. त्यात जुन्या वनस्पतींच्या पानांवरील मेणाचे अंश टिकून होते. त्यांतील कार्बनच्या तपासणीतून, 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, सुमारे 4000 वर्षांपूर्वीपासून मध्य भारत कोरडा होत गेला आणि सुमारे 1700 वर्षांपूर्वी ही कोरड आणखी वाढली, असे दिसले. 2017 साली त्याच स्तंभावर आधारलेल्या दुसऱ्या अभ्यासाने माती कुठून आली हे तपासले. अलीकडच्या काही हजार वर्षांच्या थरांत दख्खनच्या काळ्या खडकापासून झालेल्या मातीचा वाटा ठळकपणे वाढलेला आढळला. विरळ होणारी झाडी आणि पसरणारी शेती ही त्यामागची कारणे संशोधकांनी मांडली. जोर्वे, नेवासे, दायमाबाद येथील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वसाहती याच नदीच्या खोऱ्यातल्या. 1950-51 मध्ये उत्खनन झालेले जुने नाशिकही त्याच मालिकेतले. म्हणजे त्या शेतांतून धुपलेली माती समुद्रतळाशी नोंद होऊन बसली आहे.

आता ही नोंद पूर्वीसारखी होत नाही. गंगापूर, जायकवाडी आणि खालची इतर धरणे गाळ अडवतात. 1970 च्या दशकाच्या तुलनेत 1990 च्या दशकात गोदावरीने समुद्रात नेलेला गाळ निम्म्याहून अधिक घटला आणि मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश झिजू लागला. ज्या जहाजाने तो स्तंभ काढला, ते जॉईडेस रेझोल्यूशनही निधीअभावी 2024 साली थांबले.

नाशिकमधील शिक्षकांना मात्र जहाजाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुरात मुलांना काठावर न नेता, मोठ्या माणसाने सुरक्षित जागेवरून आणलेले बादलीभर गढूळ पाणी काचेच्या बरणीत भरून खिडकीत ठेवले, तर तळाशी आधी रेती, मग पोयटा बसतो आणि सर्वांत बारीक माती वरच्या पाण्यात दिवसेंदिवस तरंगत राहते. बरणीला तारखेची चिठ्ठी लावायची आणि पुढच्या पुराचे पाणी आले की दुसरी बरणी शेजारी मांडायची.