यादीत आलेलं घर

घरांच्या यादीत एका आकड्याभोवती लाल शाईचा गोल असायचा. तेवढंच घर आपलं. शेजारचं नाही, रस्त्यालगतचं नाही, आपणहून बोलावणाऱ्याचं तर नाहीच. नमुना पाहणीतली माझी सगळी नोकरी त्या गोलांमागे फिरण्यात गेली: आधी चंद्रपूर जिल्ह्यात मूल, सिंदेवाही, नागभीडकडे आणि पुढे गडचिरोलीत धानोरा, एटापल्ली, भामरागडात.

तिकडच्या पहिल्याच पावसाळ्यात एटापल्ली तालुक्यातल्या एका गावी गोल आला तो नाल्यापलीकडच्या घरावर. पाणी मांडीपर्यंत होतं आणि ओढ होती. सोबत आलेला गावचा माणूस म्हणाला, “साहेब, तिकडं एकटी म्हातारी राहते. इकडचं घर लिहून टाका, सारे सारखेच आहेत.” मी इकडचं लिहिलं. बदली घर घेता येतं, पण त्याचं कारण नोंदवावं लागतं. मी ‘घर बंद’ असं नोंदवलं. घर बंद नव्हतं. छपरातून निघणारा धूर मला दिसत होता.

दोनेक वर्षांनी चंद्रपुरात एका जुन्या पुस्तकात आर्थर लायन बाउली यांच्याविषयी वाचलं, तेव्हा तो धूर पुन्हा डोळ्यांपुढे आला. वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना बाउली संख्याशास्त्राच्या व्याख्येपुरते ठाऊक असतात. मला ते घरोघर माणसं पाठवणारे गणिती म्हणून भेटले.

त्यांचा जन्म १८६९ मध्ये ब्रिस्टलचा. वडील पाद्री होते, ते मुलगा तान्हा असतानाच गेले. शिक्षण धर्मादाय शाळेत झालं, पुढे केंब्रिजला गणित. आपल्याकडे रँग्लर म्हटलं की १८९९ चे र. पु. परांजपे आठवतात. बाउली त्यांच्या आठ वर्षं आधी दहाव्या क्रमांकाचे रँग्लर झाले. १८९५ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स सुरू झालं, तेव्हापासून ते तिथे शिकवत होते आणि पुढे तिथेच संख्याशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९०१ मध्ये संख्याशास्त्राचं पाठ्यपुस्तक, १९२४ मध्ये अर्थशास्त्राच्या गणिती पायावरचं पुस्तक, १९५० मध्ये ‘सर’ किताब, १९५७ मध्ये मृत्यू. हे सगळं मी भरभर सांगतो, कारण मला थांबायचंय ते इंग्लंडमधल्या १९१२ च्या रेडिंग गावात.

त्याआधी गरिबी मोजण्यासाठी चार्ल्स बूथनी लंडन आणि सीबोम राउंट्रींनी यॉर्क पालथं घातलं होतं. राउंट्रींनी तर कामगारांच्या घरांपैकी एकही सोडायचं नाही असं ठरवलं होतं. बाउलींनी रेडिंगमध्ये वीस घरांमागे साधारण एकच घर घेतलं. कोणतं, हे पाहणी करणाऱ्याच्या मर्जीवर सोडलं नाही; यादीतून ठरावीक अंतराने खूण केली. एवढ्या थोड्या घरांवरून सगळ्या गावाविषयी बोलताना किती चूक होऊ शकते, तेही गणिताने मांडून दाखवलं. आणि सक्त ताकीद दिली: खूण केलेलं घर कितीही अवघड जावो, त्याच्या जागी दुसरं घ्यायचं नाही. अवघड घरं सोडली की सोप्या माणसांचंच गाव उरतं. पाहणीतून निघालं ते असं की, कित्येक घरांत कर्ता पुरुष रोज कामावर जाऊनही मजुरीत पोट भरत नव्हतं. गरीब आळशी असतात असं म्हणणाऱ्यांना याहून नेमकं उत्तर माझ्या वाचनात नाही.

त्या कामातले त्यांचे सहकारी बर्नेट-हर्स्ट पुढे हिंदुस्थानात आले आणि १९२५ मध्ये त्यांनी मुंबईच्या कामगारांच्या मजुरीवर व घरांवर पुस्तक लिहिलं. स्वतः बाउली १९३३-३४ च्या हिवाळ्यात अर्थशास्त्रज्ञ डेनिस रॉबर्टसन यांच्याबरोबर आले, सरकारला आर्थिक गणनेची योजना करून द्यायला. इथले आकडे राज्यकारभाराच्या ओघात आपसूक साचलेले आहेत, हे त्यांनी ओळखलं. आमच्या चांदा, म्हणजे जुन्या चंद्रपूर जिल्ह्याला ते तंतोतंत लागू होतं. मेजर ल्युसी स्मिथ यांचा जमाबंदीचा अहवाल १८६९ चा, म्हणजे बाउलींच्या जन्मसालचा. सारा बसवायचा म्हणून जमीन मोजली, लिलाव करायचा म्हणून साग मोजला. माडिया आदिवासीच्या घरात संध्याकाळी काय शिजतं, याच्यासाठी कुठल्याच दप्तरात रकाना नव्हता.

निवडक गावांची पाहणी करा, असं त्या योजनेत होतं. तिचा बराचसा भाग कागदावरच राहिला. १९५० मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पहिल्या फेरीत १,८३३ गावं होती आणि पुण्याच्या गोखले संस्थेचाही त्यात हात होता. त्याच संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी या पाहण्यांच्या आकड्यांवरून १९७१ मध्ये दाखवलं, की खेड्यांतल्या सुमारे ४० टक्के लोकांना रोजचे २,२५० उष्मांक मिळतील एवढाही खर्च झेपत नाही.

तो खर्च लिहून घेताना मात्र बाउलींचं रेडिंग मला पुरेनासं व्हायचं. तिथे आठवड्याची मजुरी विचारली की अर्धं घर कळत असे. इथे मोह रानातून येतो, वास्ते म्हणजे बांबूचे कोंब रानातून, मासे नाल्यातून. रोख पैसा दिसतो तो उन्हाळ्यात, तेंदूपानांच्या फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, सत्तर पानांचे पुडे मोजून दिल्यावर. ‘स्वतः गोळा केलेलं’ असा प्रकार तक्त्यात होता, पण किंमत स्थानिक बाजारभावाने लावायची. जो जिन्नस बाजारात जातच नाही त्याला कुठला भाव? आणि मागच्या तीस दिवसांत काय खाल्लं, असं विचारलं की लोक एकमेकांकडे बघत. पुढे मी ‘मागच्या चार बाजारांत काय काय आणलं?’ असं विचारू लागलो. मग मीठ, तेल, सुकी मासळी सगळं आठवायचं.

भामरागडात एकदा गोल पर्लकोटा नदीपलीकडे पडला. डोंग्यात बसून गेलो. घरातल्या बाईनं दुभाष्याकडून विचारलं, “आमचंच घर कोणी काढलं?” मी म्हटलं, “कोणी नाही, चिठ्ठी निघाली.” ती जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग आत जाऊन पायली घेऊन आली आणि मोह किती उरलाय ते माझ्यासमोर मापून दाखवलं. तक्ता भरायला दुपार लागली.

एटापल्लीतल्या त्या घरी मी कधीच गेलो नाही. त्या फेरीच्या आकड्यांत म्हातारीच्या जागी नाल्याअलीकडचं कुटुंब आहे. त्यांच्याकडे बैलजोडी होती.