उमरी : मुक्तिसंग्रामाच्या आठवणी आणि चरित्रे

नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आणि मुदखेड–निजामाबाद लोहमार्गावरील स्थानक. ३० जानेवारी १९४८ रोजी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी येथील हैदराबाद स्टेट बँकेवर छापा घातला आणि सुमारे वीस लाख रुपये चळवळीसाठी नेले. पैनगंगेपलीकडे, निजामी हद्दीबाहेर उमरखेडला त्यांचा कँप होता. या मोहिमेच्या संदर्भात साहेबराव बारडकर व नागनाथ परांजपे यांची नावे घेतली जातात. त्याच दिवशी सायंकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. त्या बातमीपुढे देशभर उमरीची बातमी झाकोळून जाणे स्वाभाविक होते.

या लढ्याचे सर्वांत महत्त्वाचे आत्मकथन स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–१९७२) यांचे आहे. ते मूळ इंग्रजीत असून १९६७ साली प्रसिद्ध झाले. व्यंकटेश खेडगीकर हे स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे ते शिक्षक होते. त्यांनी संन्यास घेतला आणि पुढे संस्थानातील चळवळीचे नेतृत्व केले. स्टेट काँग्रेस कशी उभी राहिली, सत्याग्रह कसा झाला, मतभेद कोठे झाले, हे कळण्यासाठी या पुस्तकाला पर्याय नाही. मात्र उमरीचा छापा पडला तेव्हा स्वामीजी तुरुंगात होते. बँकेच्या दारातला अनुभव त्यांच्याकडून मिळणे शक्यच नव्हते, आणि ही या लेखनाची खरी मर्यादा आहे.

ती मर्यादा अनंत भालेराव (१९१९–१९९१) यांनी पुष्कळ अंशी ओलांडली. ते स्वतः लढ्यातले कार्यकर्ते आणि पुढे दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक. ‘पेटलेले दिवस’ या पुस्तकात भूमिगतांचे, सरहद्दीवरच्या कँपांचे जग त्यांनी आतून सांगितले. करोडगिरीच्या (जकातीच्या) नाक्यांवरचे हल्ले, हत्यारांची जमवाजमव, निजामसमर्थक सशस्त्र रझाकारांच्या धास्तीने गावे सोडणारी कुटुंबे हा सारा तपशील नेत्यांच्या पत्रव्यवहारात सापडत नाही. मराठवाड्याच्या गद्यातील हे अव्वल दर्जाचे लेखन होय.

चरित्रकारांत नरेंद्र चपळगावकर यांचे काम सर्वांत भरीव आहे. ‘कर्मयोगी संन्यासी’ हे स्वामीजींचे चरित्र, ‘अनंत भालेराव : काळ आणि कर्तृत्व’ आणि ‘संस्थानी माणसं’ ही पुस्तके त्यांनी लिहिली. न्यायमूर्ती म्हणून काम केलेल्या या लेखकाने भक्तिभावाला पुराव्याचा लगाम घातला. संस्थानाच्या बाजूनेही लेखन झाले आहे. निजामाचे अखेरचे पंतप्रधान मीर लायक अली यांचे इंग्रजी पुस्तक १९६२ साली निघाले. त्याच्या शेजारी भारत सरकारचे हैदराबादेतील प्रतिनिधी कन्हैयालाल मुन्शी यांचे १९५७चे पुस्तक ठेवले, म्हणजे दोन्ही सरकारांची बाजू कळते.

सामान्य स्वयंसेवकाला मात्र यांत फारच थोडी जागा आहे. रोकड वाहून नेणारे, कँपात भाकरी पुरवणाऱ्या बाया, वाटाडे यांच्या हकिगती बहुतेक तोंडीच राहिल्या, आणि त्या सांगणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे. उमरी, भोकर, मुदखेड, उमरखेड परिसरातील ज्या घरांत जुन्या वह्या, पत्रे किंवा वडिलांनी सांगितलेल्या आठवणी असतील, त्यांनी त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे सोपवाव्यात.