वापरकर्ता-संशोधन
नवे सॉफ्टवेअर कोणासाठी आणि कशा रूपात करायचे हे ठरवण्याआधी, ते वापरणाऱ्यांचा त्यांच्या कामाच्या जागी जाऊन केलेला अभ्यास. आयबीएममधील कामातून जॉन गूल्ड व क्लेटन लुइस यांनी १९८५ मध्ये वापरायला सोप्या रचनेची तीन सूत्रे मांडली: सुरुवातीपासून वापरणाऱ्यांकडे लक्ष, प्रत्यक्ष वापराचे मोजमाप आणि पुन्हा पुन्हा सुधारणा.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातले या विचाराचे सर्वांत लखलखीत उदाहरण सॉफ्टवेअरचे नाही. गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांना बालकांचा न्यूमोनिया गावातच ओळखायचा होता. त्यासाठी मिनिटभर श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांखालच्या बाळात साठ, त्याहून मोठ्या मुलात पन्नास ही त्यांनी धरलेली धोक्याची पातळी. पण ज्यांनी मोजायचे त्या निरक्षर सुइणींना तिथवर मोजणी येत नव्हती, दहापर्यंत येत होती. म्हणून मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि दोन वयोगटांसाठी मण्यांच्या दोन ओळी असलेले श्वासमापक तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ओळीतला शेवटचा, लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. सुइणीला काय येते याचा शोध घेतला नसता तर हे साधन सुचलेच नसते.

शेजारच्या छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये सुरू केलेले ‘सीजीनेट स्वरा’ हे याच वाटेवरचे सॉफ्टवेअर. इंटरनेट आणि लिपी दोन्हींपासून दूर असलेल्या गोंडीभाषकांच्या हाती साधा फोन होता. त्यामुळे सेवा आवाजावर उभी राहिली: गावकरी फोनवर बातमी सांगे, ती तपासली जाई आणि इतरांना फोनवरच ऐकता येई.

उद्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीत वाघाच्या वावराची सूचना देणारे ॲप करायचे ठरले, तर पहिली भेट वनकार्यालयात नव्हे, पहाटे मोहफुले वेचणाऱ्या बायकांशी आणि गुराख्यांशी व्हायला हवी. घरातला फोन त्या वेळी कोणाकडे असतो? जंगलात रेंज मिळते का? ‘असे ॲप आवडेल का’ या प्रश्नाला पाहुण्याचे मन राखण्यासाठी होकारच मिळतो. त्यापेक्षा मागच्या वेळी वाघ दिसल्याचे कोणाकडून, किती उशिरा कळले आणि मग काय केले, हे तिथल्या झाडीबोलीत विचारावे. धानाच्या रोवणीत मुलाखतीला बसणाऱ्या बाईची मजुरी बुडते. ती भरून देणे हा संशोधनाच्या खर्चाचाच भाग धरला पाहिजे.