वैदिक संस्कृतीचा प्रसार : सदानीरेपासून नाणेघाटापर्यंत

वैदिक संस्कृतीचा उगम कोठे झाला आणि ती भारतवर्षात कोणत्या मार्गाने पसरली, हा प्रश्न गेली दीडशेहून अधिक वर्षे विद्वानांच्या चर्चेचा विषय होऊन राहिला आहे. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ व १९०३ साली ‘दि आर्क्टिक होम इन द वेदाज’ हे ग्रंथ लिहून या प्रश्नास जी चालना दिली, तिचा परिणाम आजही आपल्या सुशिक्षित वर्गाच्या मनावर आहे. टिळकांचे निष्कर्ष आता ग्राह्य मानले जात नाहीत. परंतु त्यांनी ज्या रीतीने प्रश्न मांडला ती रीत मात्र अजून टिकून आहे. ‘वैदिक लोकांचे मूलस्थान कोणते?’ असा प्रश्न एकदा विचारला की लोक, भाषा आणि धर्म या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी, एकाच काळी उत्पन्न झाल्या व एकमेकींचा हात धरून पुढे गेल्या, असे आपण न कळत गृहीत धरतो. हे गृहीतक पुराव्यास उतरते काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. भाषाशास्त्राची साक्ष येथे मुख्य मानली असून पुरातत्त्व व कोरीव लेख यांचा आधार तिच्या जोडीस घेतला आहे.

१

भारताबाहेरील सर्वांत महत्त्वाचा पुरावा तुर्कस्थानातील बोगाझकोय येथे मिळालेल्या मृत्तिकापट्टांचा होय. १९०६ साली सुरू झालेल्या ह्यूगो विंकलर यांच्या उत्खननात हित्ती राजांचे दफ्तर उघडकीस आले. त्यातील इ. स. पू. चौदाव्या शतकातील एका तहनाम्यात हित्ती राजा व मितानीचा राजा यांनी साक्षीदार म्हणून ज्या देवतांना आवाहन केले आहे, त्यांत मित्र, वरुण, इंद्र व नासत्य यांची नावे आहेत. किक्कुली नावाच्या मितानी अश्वशिक्षकाच्या ग्रंथात घोड्यांच्या फेऱ्या मोजण्यासाठी ‘ऐक’, ‘तेर’, ‘पंझ’, ‘सत्त’ असे संख्यावाचक अंश आणि ‘वर्तन’ हा शब्द येतो.

या शब्दांचे रूप बारकाईने पाहण्यासारखे आहे. ‘ऐक’ यातील ‘क’ हा भारतीय शाखेचा विशेष आहे. इराणी शाखेत याच अर्थी ‘ऐव’ असे रूप मिळते. म्हणजे हे शब्द इराणी नव्हेत. ‘नासत्य’ या नावातील ‘स’ देखील तसाच राहिला आहे, इराणीप्रमाणे त्याचा ‘ह’ झालेला नाही. परंतु ‘ऐ’ हा संयुक्त स्वर संस्कृतातील ‘ए’च्या पूर्वीच्या अवस्थेचा आहे. म्हणून मितानीतील अवशेष हे ऋग्वेदाच्या भाषेपासून निघालेले नसून तिच्या निकटच्या व किंचित जुन्या बोलीचे आहेत, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

दुसरी गोष्ट त्याहून अधिक बोधप्रद आहे. मितानीच्या प्रजेची भाषा हुर्री होती. तिचा आर्य भाषांशी काहीही संबंध नाही. आर्य शब्द उरले ते राजांच्या नावांत, देवतांच्या यादीत आणि अश्वविद्येच्या परिभाषेत. बोलती भाषा लोपली, पण देव व घोडा यांच्यापुरती ती शिल्लक राहिली. भाषा आणि धर्म यांची वाट वेगळी होऊ शकते, याचे हे पहिले उदाहरण.

उत्तरेकडील साक्षही याच दिशेने जाते. फिनिश भाषेत शंभरास ‘सता’ आणि हातोड्यास ‘वसारा’ म्हणतात. पहिल्याचा संबंध ‘शत’शी व दुसऱ्याचा ‘वज्र’शी आहे. हे शब्द फिनो-उग्री भाषांनी भारत-इराणी बोलींपासून उचलले. अशी देवघेव शेजाराशिवाय होत नाही, आणि हा शेजार उरल पर्वताच्या परिसरातील गवताळ प्रदेशातच संभवतो. त्याच भागात सिंताश्ता येथे इ. स. पू. २०००च्या सुमारास आरे असलेल्या चाकांच्या हलक्या रथांचे अवशेष सापडतात. वैदिक भाषेच्या पूर्वजांचा शोध तेथपर्यंत नेता येतो.

२

तथापि वैदिक भाषेचे पूर्वज आणि वैदिक संस्कृती या एकच गोष्टी नव्हेत. ऋग्वेदाचा भूगोल सप्तसिंधूंचा आहे. कुभेपासून यमुना-गंगेपर्यंतच्या नद्या त्यात येतात, परंतु मध्यवर्ती स्थान सिंधू व तिच्या उपनद्यांना आणि सरस्वतीला आहे. सुदास राजाचा दाशराज्ञ संग्राम परुष्णीच्या, म्हणजे आजच्या रावीच्या, काठी झाला. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ऋग्वेदसूक्तांची रचना स्थूलमानाने इ. स. पू. १५०० ते १००० या काळात झाली असे मानतात.

ही भाषा या भूमीत येऊन बराच काळ लोटला होता, हे तिच्या शब्दसंग्रहावरून कळते. एफ. बी. जे. कायपर यांनी १९९१ साली ऋग्वेदातील सुमारे ३८० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्यांच्या मते या शब्दांची व्युत्पत्ती आर्य धातूंवरून लागत नाही. प्रत्येक शब्दाविषयी एकमत नाही, परंतु या शब्दांचे विषय पाहिले असता त्यांत शेती, वनस्पती, प्राणी व खेड्यातील व्यवहार यांचा भरणा दिसतो. ‘लांगल’ हा शब्द घ्यावा. याला आर्य व्युत्पत्ती नाही, आणि अनेक विद्वान त्याचा संबंध ऑस्ट्रो-आशियाई भाषांशी जोडतात. याच शब्दापासून आपला ‘नांगर’ आला. वैदिक समाजाने जमीन नांगरण्याची परिभाषा ज्यांच्याकडून घेतली, ते लोक त्याच्या शेजारी, किंबहुना त्याच्या घरात, राहत होते हे उघड आहे.

मूर्धन्य वर्णांची साक्ष अशीच आहे. ट, ड, ण यांसारखे वर्ण अवेस्तेच्या भाषेत नाहीत, ऋग्वेदात आहेत. ते द्राविडी संपर्काने आले की आंतरिक ध्वनिपरिवर्तनाने, याविषयी मतभेद आहे. एमेनो यांच्या १९५६ सालच्या निबंधापासून संपर्काची बाजू अधिक बळावली. माधव देशपांडे यांनी १९७९ साली निराळाच मुद्दा पुढे मांडला. आपल्यापुढे असलेली ऋग्वेदाची संहिता ही पुढील काळच्या पाठशाखांनी जतन केलेली आहे, तेव्हा तिच्यातील सर्वच मूर्धन्य वर्ण मूळ कवींच्या तोंडचे होते असे गृहीत धरता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

येथे एका प्रचलित समजुतीचे निरसन करणे अवश्य आहे. ऋग्वेदात ‘ळ’ आहे व मराठीतही ‘ळ’ आहे, यावरून मराठीचा वेदाशी थेट संबंध जोडला जातो. परंतु ऋग्वेदातील ‘ळ’ हा दोन स्वरांमधील ‘ड’चे रूपांतर आहे. मराठीतील ‘ळ’ बहुतेक ठिकाणी प्राकृतातील दोन स्वरांमधल्या ‘ल’पासून आला आहे. ‘फळ’ व ‘काळ’ ही त्याची उदाहरणे. ‘सोळा’ किंवा ‘तळे’ यांसारख्या शब्दांत तो ‘ड’पासून आला असला तरी तो प्राकृताच्या वाटेनेच. वर्णसाम्य म्हणजे वंशसाम्य नव्हे.

३

सप्तसिंधूंतून पूर्वेकडे झालेला प्रसार हा वैदिक संस्कृतीच्या इतिहासातील निर्णायक टप्पा होय. कुरु-पंचालांच्या प्रदेशात विखुरलेली सूक्ते एकत्र करण्यात आली, ऋत्विजांची कामे विभागली गेली आणि श्रौत यज्ञाची व्यवस्था बांधली गेली. आपण जिला वैदिक संस्कृती म्हणतो तिची घडण मुख्यतः येथे झाली. साधारणतः इ. स. पू. १२०० ते ६०० या काळातील चित्रित करड्या मृत्पात्रांचा प्रसार याच भूभागात आढळतो. मात्र भांड्याचा रंग भाषा सांगत नाही, हे विसरून चालणार नाही.

याही पुढे पूर्वेस काय घडले, याची कथा शतपथ ब्राह्मणात आहे. विदेघ माथव राजाने वैश्वानर अग्नी मुखात धरला होता. पुरोहित गोतम राहूगण याने घृताचा उल्लेख असलेली ऋचा म्हणताच अग्नी बाहेर पडला आणि सरस्वतीपासून पूर्वेकडे भूमी जाळीत गेला. सदानीरा नदी मात्र त्याने ओलांडली नाही. ही नदी सामान्यतः गंडकी मानली जाते. पूर्वी ब्राह्मण तिच्या पलीकडे जात नसत, भूमी ओलसर व अकृष्ट होती. आता तेथे पुष्कळ ब्राह्मण राहतात आणि यज्ञांनी ती भूमी आस्वाद्य झाली आहे, असा त्या कथेचा आशय आहे.

या कथेस जंगले जाळून वसाहत केल्याचा वृत्तान्त म्हणून पुष्कळदा उद्धृत केले जाते. शब्द पाहिले तर निराळा अर्थ निघतो. अग्नी नदीच्या अलीकडेच थांबला, तरी राजा पलीकडे जाऊन राहिला. म्हणजे नदीपलीकडचा देश यज्ञाच्या अग्नीने शुद्ध न होताच वसलेला होता, आणि त्याचे वैदिकत्व मागाहून सिद्ध करावे लागले. ‘विदेघ’ या नावातील ‘घ’ हा ‘विदेह’मधील ‘ह’च्या पूर्वीचा आहे. कथाकाराने तो जपून ठेवला, कारण जुने नाव हेच जुन्या अधिकाराचे प्रमाण होते.

पूर्वेकडे भाषा यज्ञाच्या आधीच पोहोचली होती, यास ध्वनिशास्त्राचा आधार मिळतो. ऋग्वेदात ‘र’चे प्राबल्य आहे, पुढील ग्रंथांत ‘ल’ वाढत जातो. ‘रघु’ आणि ‘लघु’, ‘रोहित’ आणि ‘लोहित’, ‘अश्रीर’ आणि ‘अश्लील’ ही जोडरूपे परिचित आहेत. अशोकाच्या पूर्वेकडील लेखांत ‘लाजा’ आहे, तर गिरनारला ‘राजा’. पूर्वेस ‘ल’कारी बोली रूढ होती, आणि तिचा ‘ल’ ‘र’पासून संस्कृताच्या मार्गाने आला असे मानण्यास जागा नाही. शतपथातच असुरांनी ‘र’च्या जागी ‘ल’ उच्चारल्यामुळे त्यांचा पराभव झाला, असे सांगितले आहे. ज्यांना तेथे असुर म्हटले ते आर्यभाषीच होते. त्यांचा दोष उच्चाराचा होता. भाषा एक, यज्ञ निराळा, अशी ही स्थिती. ‘हरिद्रा’ऐवजी ‘हळद’ म्हणणारे आपण सर्व त्या दोषाचे वारसदार आहोत!

४

दक्षिणेकडील प्रसारात या तीन धाग्यांची फारकत सर्वांत स्पष्ट दिसते. ऐतरेय ब्राह्मणात विश्वामित्राच्या शापित पुत्रांचे वंशज म्हणून आंध्र, पुंड्र, शबर, पुलिंद व मूतिब यांची गणना केली आहे. सीमेवरील लोकांना बाहेर ठेवावयाचे, परंतु ऋषीच्या कुळातून अगदी तोडावयाचे नाही, अशी ही दुहेरी योजना आहे. त्याच ग्रंथात विदर्भाचा राजा भीम याचा निर्देश येतो, आणि प्रश्नोपनिषदात भार्गव वैदर्भी हा जिज्ञासूंपैकी एक आहे. अर्थात ब्राह्मणकाळाच्या उत्तरार्धात विदर्भ वैदिक विद्येच्या कक्षेत आला होता.

परंतु खरा प्रत्यक्ष पुरावा जुन्नरजवळच्या नाणेघाटात आहे. तेथील लेण्यात सातवाहन राणीचा मोठा ब्राह्मी लेख असून तो सामान्यतः इ. स. पू. पहिल्या शतकातील मानतात. आरंभी इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि लोकपाल यांना वंदन आहे. पुढे अग्न्याधेय, राजसूय, अश्वमेध, गवामयन, आप्तोर्याम इत्यादी यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणेची नोंद आहे: हजारो गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण. श्रौत यज्ञांची इतकी सविस्तर नोंद इतक्या प्राचीन काळच्या कोरीव लेखांत दुर्मिळ आहे.

आणि हा लेख आहे प्राकृतात. यज्ञ ‘यंञ’ झाला आहे, अश्वमेध ‘असमेध’. ज्या शुद्ध उच्चारासाठी शतपथाने असुरांना पराभूत ठरविले, त्या शुद्धतेची राणीच्या लेखकाला तमा नाही. यज्ञवेदीवर मंत्र संस्कृतात म्हटले गेले असणार. परंतु राजाची कीर्ती घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांना त्यांच्या भाषेतच सांगितली गेली. याच्या उलट, इ. स. १५०च्या सुमारास शक क्षत्रप रुद्रदामन याने गिरनारच्या खडकावर लेख कोरविला तो संस्कृत गद्यात. ज्याचे पूर्वज मध्य आशियातून आले त्याने संस्कृत स्वीकारली, आणि अश्वमेध करणाऱ्या सातवाहनांनी प्राकृत सोडली नाही. वंश, भाषा व यज्ञ ही एकच वस्तू असती तर असे घडले नसते.

५

अलीकडे या प्रश्नात प्राचीन जनुकांच्या अभ्यासाची भर पडली आहे. सप्टेंबर २०१९मध्ये दोन निबंध प्रसिद्ध झाले. राखीगढी येथील एका स्त्रीच्या सांगाड्यात गवताळ प्रदेशातील लोकांचा अंश आढळला नाही. ५२३ प्राचीन व्यक्तींच्या दुसऱ्या अभ्यासात मात्र इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात तो अंश दक्षिण आशियात येऊ लागल्याचे दिसले. वृत्तपत्रांत हे निष्कर्ष परस्परविरोधी म्हणून मांडले गेले, पण वस्तुतः ते परस्परपूरक आहेत. सिंधू नगरांचा काळ आधीचा व हे आगमन नंतरचे. भाषेच्या साक्षीशीही त्यांचा मेळ बसतो. परंतु सांगाड्यात क्रियापदाचे रूप सापडत नाही, आणि वेदीवर आहुती देणाऱ्याचा वंशही अस्थींवरून कळत नाही.

म्हणून ‘बाहेरून आले की येथलेच?’ या प्रश्नास एका शब्दात उत्तर देता येत नाही. भाषेचा पूर्वज बाहेरचा आहे. त्या भाषेत नांगराचा शब्द येथला आहे. संहिता व श्रौत यज्ञ यांची घडण कुरुभूमीतील आहे. विदेहात भाषा आधी व अग्नी नंतर पोहोचला, आणि दक्षिणेत राजदक्षिणेच्या बळावर यज्ञ आला तरी लोकांची वाणी प्राकृतच राहिली. यांपैकी एकच धागा उचलून त्यालाच सर्व वस्त्र म्हणावयाचे, असे दोन्ही पक्षांकडून होत आले आहे. ज्या समाजात कोण मूळचा व कोण उपरा यावर आजही हक्क-अधिकारांचे वाद उभे राहतात, तेथे ही केवळ शास्त्रीय शिथिलता राहत नाही.

या विषयात संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक पुराव्यास प्रथम एवढेच विचारावे, की तू कोणाविषयी बोलतोस: माणसाविषयी, भाषेविषयी की यज्ञाविषयी? नाणेघाटातील लेख या कामी उत्तम आरंभ ठरेल. तो पुण्याहून एका दिवसात पाहून येता येतो, आणि त्यातील यज्ञनामांच्या प्राकृत रूपांचा श्रौतसूत्रांशी ताडून केलेला अभ्यास एखाद्या प्रबंधास सहज पुरेल.