कुरणशाळा

गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरवलेली प्राथमिक शाळा. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी डहाणू तालुक्यातील (आता पालघर जिल्हा) कोसबाड येथे हा प्रयोग केला. वारली आदिवासी मुले गुरांमुळे शाळेत येऊ शकत नसत. म्हणून शिक्षकच त्यांच्याकडे जात. खडे, बिया, पाने मोजून अंकओळख, मातीत बोटाने अक्षरे, गाणी, गोष्टी व परिसरातील झाडे-पाखरांचे निरीक्षण असे शिकणे चाले. बालशिक्षणाच्या माँटेसरी पद्धतीतील महागड्या साधनांची जागा भोवतालच्या वस्तूंनी घेतली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ हीही याच कार्याची देणगी. मुलाच्या जगण्याला धरून शाळेची रचना करणे, हे या प्रयोगाचे मोठे योगदान होय.