नार्व्याचा शिलालेख : तिथी एक, तारखा दोन

डिचोली तालुक्यातलं नार्वे हे गाव मूळचं हिंदळे. नार्वे हे नाव समोरच्या दिवाडी बेटावरचं. देवाबरोबर तेही नदी ओलांडून आलं. कदंब राजे आपल्या सोन्याच्या नाण्यांवर ज्याच्या वरप्रसादाचा उल्लेख करत, तो श्रीसप्तकोटीश्वर दिवाडीचा. बहामनी काळात ते देऊळ पडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारलं आणि १५४० च्या सुमारास पोर्तुगीजांनी पाडलं. मग लिंग अलीकडे आणलं गेलं. आज फेरीबोटीने हे अंतर काही मिनिटांचं. तेव्हा मात्र मधली नदी म्हणजे दोन राज्यांची सीमा होती.

इथल्या देवळाच्या दारावर शिलालेख आहे. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमीला शिवरायांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ झाला, असा त्याचा आशय. याची तारीख सगळे १३ नोव्हेंबर १६६८ देतात. मीही देत होतो. पण पेशाने इंजिनिअर, आकडा दिसला की ताळा करून बघायची खोड! एका पावसाळ्यात घरी बसून अमावास्या मोजत मागे गेलो, तर आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे त्या १३ नोव्हेंबरला शुद्ध पक्षच चालू होता. वद्य पंचमी येते ती दहा दिवसांनी.

यात लेख चुकलेला नाही आणि तारीखही नाही. १३ ही जुन्या ज्युलियन गणनेची तारीख. शिवकालीन तारखा आपल्याकडे बहुधा तशाच देतात. पोर्तुगालने मात्र १५८२ मध्येच ग्रेगोरियन गणना स्वीकारली होती. म्हणजे पणजीच्या पुराभिलेखातल्या पोर्तुगीज कागदांशी जुळवायचं, तर हा दिवस २३ नोव्हेंबर धरायला हवा.

दहा दिवसांनी काय बिघडतं? माझं बिघडलं होतं. त्याच नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गोव्याचा व्हाइसरॉय कोंद द सांव्हिसेंत वारला. ‘व्हाइसरॉय गेला आणि आठवड्याभरात महाराजांनी काम काढलं,’ असं मी एका व्याख्यानात ठोकून दिलं, टाळ्याही घेतल्या. खरं अंतर दोन आठवड्यांहून अधिक. दोन घटनांचा संबंध मी फक्त तारखा शेजारी दिसल्या म्हणून जोडला होता.

आणखी एक. लेखात ‘प्रारंभ’ हा शब्द आहे. १६६८ हे देऊळ बांधून पुरं झाल्याचं वर्ष नव्हे, काम सुरू झाल्याचं.

जीर्णोद्धारानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये देऊळ पुन्हा खुलं झालं. जाल तेव्हा दिवाडीवरून जा. तिथली देवाची जुनी तळी बघा, मग फेरीने अलीकडे या.