क्रूझ, स्कूबा आणि कोझुमेलचा धक्का

मागच्या एपिसोडनंतर एका मित्राने विचारलं, "क्रूझच्या डेकवरूनच टाकी बांधून समुद्रात उडी मारतात का रे?" नाही बाबा! जहाज सकाळी बंदराला लागतं, संध्याकाळी सुटतं. मधल्या काही तासांत छोट्या बोटीने जायचं, एक-दोन डाइव्ह मारायचे आणि भोंगा वाजायच्या आत परत यायचं. याला शोअर एक्सकर्शन म्हणतात.

आजची गोष्ट अशाच एका बेटाची, कोझुमेलची. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पासमोरचं हे बेट जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या क्रूझ बंदरांपैकी एक आहे. बेटाची पूर्व बाजू खवळलेली, पश्चिम बाजू शांत. त्यामुळे जहाजं लागतात पश्चिमेला. आणि पालांकार, सांता रोसा, कोलंबिया या प्रसिद्ध प्रवाळभिंती, म्हणजे रीफ, त्यासुद्धा पश्चिमेलाच. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ हेच आहे.

आता थोडं मागे जाऊ. 1943 मध्ये फ्रान्समध्ये नौदल अधिकारी जॅक कुस्तो आणि इंजिनिअर एमिल गान्यां यांनी ॲक्वा-लंग तयार केलं. युद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून गाड्या गॅसवर चालवायची धडपड चालली होती. त्यासाठी गान्यांने केलेला व्हॉल्व्ह इथे कामी आला. श्वास घेतला की हवा येते, नाही घेतला की बंद. आमच्या भाषेत सांगायचं तर रिक्वेस्ट आली तरच रिस्पॉन्स. मला हा भाग भयंकर आवडतो, पण इथे थांबलो तर एपिसोड संपायचा नाही.

दुसरीकडे 1958 मध्ये अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली आणि प्रवासी जहाजांचा धंदा बसला. मग 1960 च्या दशकाच्या शेवटी मायामीहून नवी आयडिया आली: जहाज कुठे पोचवायला नाही, सुट्टी घालवायला वापरायचं. 1966 मध्ये 'सनवर्ड' निघालं, 1972 मध्ये कार्निव्हल कंपनी आली. गंमत म्हणजे लोकांना डायव्हिंग शिकवून सर्टिफिकेट देणारी पाडी ही संस्थासुद्धा 1966 चीच. लायसन्स नसेल तर इन्स्ट्रक्टर धरून नेतो, जास्तीत जास्त 12 मीटर. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ आपल्यातले बरेच जण करतात, साधारण तसंच.

जहाजं वाढली, मोठी झाली. 1990 च्या दशकात कोझुमेलला क्रूझसाठी आणखी एक धक्का बांधायचं ठरलं. धक्का म्हणजे आपल्या भाऊच्या धक्क्यातला धक्का. जागा कुठली? प्लाया पाराइसो. समोरच पाण्यात पाराइसो रीफ. पाराइसो म्हणजे स्पॅनिशमध्ये स्वर्ग. आणि ज्या सरकारने परवानगी दिली, त्याच मेक्सिकन सरकारने 1980 मध्येच या किनाऱ्यालगतचं पाणी सागरी जिवांसाठी संरक्षित जाहीर केलं होतं!

1994 मध्ये अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा नाफ्टा करार लागू झाला. सोबत पर्यावरणाचा एक जोडकरार होता. सरकार स्वतःचाच पर्यावरण कायदा नीट राबवत नसेल, तर सामान्य नागरिक किंवा संस्था तिन्ही देशांच्या आयोगाकडे तक्रार करू शकते, अशी त्यात सोय होती. जानेवारी 1996 मध्ये मेक्सिकोतल्या तीन संस्थांनी ती वापरली. त्यातली एक, 'ग्रुपो दे लोस सिएन', कवी ओमेरो आरिदजिस यांनी सुरू केलेली.

त्यांचं म्हणणं साधं होतं. पर्यावरणाचा अहवाल केला फक्त धक्क्याचा. पण प्रकल्पात टर्मिनल होतं, किनाऱ्यावरची पर्यटनाची बांधकामं होती. सगळ्याचा मिळून परिणाम कुणी तपासला? एका मॉड्यूलची टेस्ट दाखवून अख्खं ॲप रिलीज केल्यासारखं झालं हे. सरकारचं उत्तर: परवानगी 1994 च्या आधीची, हा करार मागच्या तारखेला लागू होत नाही.

ऑक्टोबर 1997 मध्ये आयोगाचा अहवाल आला. या पद्धतीने निघालेला पहिलाच. पण त्यात निकाल नाही, कारण निकाल द्यायचा अधिकारच आयोगाला नव्हता. फक्त कोण काय म्हणालं आणि कागदोपत्री काय आहे, एवढंच. धक्का उभा राहिला.

अर्थात तक्रार वाया गेली असं मी म्हणणार नाही. तिची चौकशी चालू असतानाच, जुलै 1996 मध्ये, इथल्या जवळपास 12,000 हेक्टरचं राष्ट्रीय सागरी उद्यान झालं. तक्रारीमुळेच झालं का, ते छातीठोक सांगता येत नाही, पण टायमिंग बोलकं आहे.

आणि सगळा दोष क्रूझवर ढकलणंही मला पटत नाही. बेटावरच्या डाइव्ह गाइडचं पोट याच पाहुण्यांवर चालतं. फक्त रीफला सुट्टी नसते. 2005 मध्ये विल्मा चक्रीवादळाने धक्के आणि प्रवाळ दोन्ही मोडले. धक्के पुन्हा बांधता आले. प्रवाळाला कंत्राटदार मिळत नाही, ते वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर वाढतं. 2018 पासून मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर प्रवाळांचा एक जीवघेणा रोग पसरला. ऑक्टोबर 2019 मध्ये पालांकार आणि कोलंबियासकट दक्षिणेकडचा भाग पर्यटकांना काही काळ चक्क बंद करावा लागला. याच कपारींत स्प्लेंडिड टोडफिश राहतो: पिवळ्या कडांचे पर, अंगावर पट्टे, चेहरा बेडकासारखा, आणि जवळपास फक्त कोझुमेललाच सापडणारा.

एवढं होऊन अलीकडे चौथ्या क्रूझ धक्क्याचा प्रस्ताव आला. जागा पुन्हा पश्चिम किनाऱ्यावरच, विला ब्लांका रीफपाशी. स्थानिक डायव्हर विरोधात उभे राहिले आणि प्रकरण कोर्टात गेलं.